आप्पांची तहान

४ एप्रिल, शुक्रवार

उमे,

राजश्री म्हणते, पत्रात आधी नमस्कार घालायचा असतो. मी तिला म्हटलं, आमच्यात नमस्कार एकदाच झाला, उमेच्या लग्नात, आणि तोही तिच्या सासूने डोळे वटारले म्हणून. तेव्हा तो राहू दे. मुद्द्याचं लिही.

फोनचा आपला काही उपयोग नाही. परवा मी विचारलं, 'खुब्याचं दुखणं कसं आहे?' तर तू म्हणालीस, 'हो, आत्ताच जेवले.' तुझ्या कानांचं मशीन नागपुरात दुरुस्त होत नसेल तर पाठव इकडे, नारळ उतरवणारा आपला भागोजी रेडिओपण दुरुस्त करतो. तोवर हे असं. मी बोलणार, राजश्री कागदावर उतरवणार आणि त्याचा फोटो काढून तुझ्या फोनवर टाकणार. तू पडल्या पडल्या चष्मा लावून वाच. तू शाळेतून आलीस की मला पाटी घेऊन बसवायचीस आणि मी चिंचेवर चढून बसायचे. आता भोग. जन्माच्या मैत्रिणीचं बोलणं दुसरीच्या अक्षरात वाच.

ऑपरेशनला जायच्या आधी तू म्हणालीस, 'शेवंते, मी उभी राहीपर्यंत माझ्या बापाकडे बघ.' बघते आहे. घर शेजारीच, मधला गडगा ओलांडला की झालं.

तू ठेवलेली ही राजश्री चांगली आहे. मंडणगडकडची, इथे वाडीत खोली घेऊन राहते. आप्पांना अंघोळ घालते तशी मी माझ्या पोरांनासुद्धा कधी घातली नाही. (हे लिहायला लाजतेय. लिही गो, मी काही रोज चांगलं बोलत नाही.)

आप्पांचं सांगायचं तर, किडन्या थकल्यात. वय नव्वद, थकणारच. पायांवर सूज आहे. डॉक्टर घरी येऊन गेला. पाणी मोजून द्यायचं म्हणाला, दिवसाला एवढंच. मीठ नाही, फळ नाही, ताक नाही, शहाळं तर अजिबात नाही. शहाळं नाही! मी त्याला विचारलं, 'डॉक्टर, तुम्ही कुठले?' म्हणाला, 'लातूरचा.' मी म्हटलं, 'मग बरोबर.' तो हसला, पण राजश्री हसली नाही. तिने सगळं पाठ केलं आणि स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचीसुद्धा जागा बदलली.

आप्पा कुरकुर करत नाहीत. मास्तर माणूस, डॉक्टरचं ऐकतात. फक्त राजश्री ओल्या फडक्याने त्यांचे ओठ पुसते ना, तेव्हा ते फडकं दातांत धरून ठेवतात.

हे तुला सांगायचं नव्हतं. राजश्री, खोड ते. नाही खोडलं? बरं, राहू दे.

तुझी
शेवंती

१३ एप्रिल, रविवार

उमे,

तुझं उत्तर राजश्रीने वाचून दाखवलं. 'तू आहेस म्हणून मला इथे झोप लागते' हे वाक्य तिने दोनदा वाचलं. मी एकदाच पुरे म्हटलं होतं.

असलं काही लिहू नकोस. मी सत्तरीची बाई, मला डाव्या डोळ्याने दिसत नाही, उजव्याने दिसतं तेही मला सोयीचं असेल तेवढंच. माझ्यावर कसली झोप टाकतेस?

आप्पा बरे आहेत. खरंच बरे दिसतात, तोंडावर जरा तरतरी आहे. दुपारी राजश्री तासभर खोलीवर जाते, जेवते, पाठ टेकते, तेव्हा मी बसते त्यांच्याजवळ. काल मला म्हणाले, 'शेवंते, तू माझ्या शाळेत आली असतीस तर मी तुला रोज बाकावर उभी केली असती.' मी म्हटलं, 'म्हणूनच नाही आले.' असे हसले, असे हसले, की खोकला लागला. मी पाठीवरून हात फिरवला. तू आलीस की जीव येतो, म्हणाले.

बाकी आम्ही काय बोलतो ते विचारू नकोस. म्हाताऱ्या माणसांचं असतं काहीतरी.

हापूस उतरवायला लागले आहेत. तुझा भाचा सलिल परवा शहरातून येऊन बघून गेला. बापाच्या वाटणीच्या कलमांखाली उभा राहून फोनवर बोलत होता, आंबे डोक्यावर पडेपर्यंत. बँकेत बसून माणसाला वर बघायची सवय राहत नाही. आजोबांच्या खोलीत मात्र बराच वेळ बसला, ते सांगायला हवं.

राजश्रीला एकच काळजी. ती म्हणते, पाणी मोजून देते, मीठ देत नाही, तरी सूज उतरायची सोडून वर का चढते आहे? मी म्हटलं, उन्हाळा आहे गो, माझेही पाय सुजलेत. तिने वाकून माझे पाय बघितले. म्हणाली, 'आजी, तुमचे तर नाही सुजलेले.' मी म्हटलं, माझे आतून सुजतात.

तिला आता हसायला येतंय आणि ती लिहीत पण नाहीये नीट. पुरे.

तू चालायला लागलीस का? काठी घेऊन चाल. थाटात चालायचं वय गेलं.

शेवंती

२१ एप्रिल, सोमवार

उमे,

हे शहरातल्या दवाखान्यातून लिहितो आहोत. घाबरू नकोस. आधी वाच पूर्ण.

सकाळी राजश्री आली तर आप्पांना हात उचलता येईना. जीभ जड. तिने नाडी बघितली आणि तडक सलिलला फोन लावला. सलिल गाडी घेऊन आला, दोघांनी त्यांना चादरीसकट उचललं. आता आतल्या खोलीत आहेत, छातीला वायरी लावल्यात. रक्तात पोटॅशियम का काय ते चढलंय. राजश्रीला तो शब्द लिहिता येतो, मला बोलतासुद्धा येत नाही. त्याने हृदय मंद होतं म्हणे. औषध लागू पडतंय असं आत्ताच येऊन सांगितलं. डोळे उघडले. तुझं नाव घेतलं.

डॉक्टरांनी विचारलं, यांना काय काय दिलंत? राजश्रीने सकाळपासून रात्रीपर्यंतचं सगळं सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ही सांगते ते खरं आहे. ते खरंच आहे.

सलिल तुला फोन करेल, तुझ्या सुनेला सांगेल, ती तुला ओरडून सांगेल. तेव्हा काही ऐकू येईल, काही नाही. एक लक्षात ठेव. राजश्रीवर रागावू नकोस. म्हणजे, तिच्याकडून काही चुकलं असलं तरी. पोर राबते खूप.

इथे बाकावर बसायला जागा नाही. मी जिन्यावर बसले आहे. मला थट्टा सुचत नाही, तर एवढंच.

शेवंती

२४ एप्रिल, गुरुवार

उमे,

राजश्री, आता मी बोलेन ते शब्दाला शब्द लिही. तुला आवडो न आवडो. मध्ये थांबायचं नाही.

उमे, ही आत्ता आपलं सामान न्यायला आली होती. एक साडी, कंगवा, जेवणाचा डबा, आप्पांसाठी स्वतःच्या पैशांनी आणलेली तेलाची बाटली. बाटली तिने कपाटातच ठेवली. मी तिला दारात गाठलं. म्हटलं, जाता जाता माझं एक पत्र लिहून दे. तिला वाटलं, मी तिच्यासाठी तुझ्याकडे शब्द टाकणार. म्हणून बसली बिचारी. डोळे पुसून बसली.

तुझा निरोप काल हिच्याच फोनवर आला. वाचणारी हीच, म्हणून हिनेच मला वाचून दाखवला. 'राजश्रीला उद्यापासून येऊ नको म्हणावं. माझ्या बापाचा जीव जात होता. तूच लिहिलंस की तिच्याकडून चुकलं असलं तरी रागावू नकोस, म्हणजे तुला ठाऊक होतं आणि तू तिला पाठीशी घालत होतीस. तुझा स्वभावच तसा.' माझा स्वभाव! हिने ते सगळं एका सुरात वाचलं, रेशनच्या दुकानातला भाव वाचावा तसं. मग सलिल म्हणाला, गावात पुढे कोणी हिच्याबद्दल विचारलं तर मी काय सांगू? म्हणजे हिला वाडीत दुसरं कामही मिळायचं नाही.

आणि मी तिथे सुपारी कातरत बसले होते, उमे. सुपारी.

शहाळं मी दिलं.

लिही. पेन का ठेवलंस? उचल ते. शहाळं मी दिलं, रोज दिलं, हिच्यापासून लपवून दिलं. लिहिलंस? पुढे.

तुला पहिलं पत्र पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. दुपारी ही जेवायला गेली. आप्पा खिडकीतून आगराकडे बघत होते. म्हणाले, 'शेवंते, ते माड मी लावलेत. खांद्यावरून पाणी घालून वाढवलेत. आता त्यांच्यातलं घोटभर मला मिळू नये?' आपल्याकडे आजारी माणसाला बघायला जाताना कोणी रिकाम्या हाताने जातं का? मी त्यांच्या दारात रोज रिकाम्या हाताने जात होते. मला ते टोचत होतं. डॉक्टर लातूरचा, त्याला काय कळतंय, शहाळं म्हणजे देवाने बंद करून दिलेलं पाणी, त्याने कोणाचं वाईट व्हायचं? असं मी स्वतःला सांगितलं. पण ऐकलं नव्हतं असं नाही हां. डॉक्टरने सांगितलं तेव्हा मी तिथेच होते, थट्टा करत होते.

भागोजीला सांगितलं, माझ्या पोटात जळजळतं, कोवळी उतरवून दे. तुमच्या पडवीत कोयतीचा आवाज झाला असता, म्हणून माझ्या मागीलदारी फोडायचे, तांब्यात ओतायचे आणि पदराखाली घालून आणायचे. रिकाम्या कवट्या माझ्या गोठ्यामागे आहेत. सलिलला जाऊन बघायला सांग.

पहिला घोट घेतला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. तुझा बाप, ज्याला बघून पोरं रस्ता बदलायची, तो लहान मुलासारखा ओठ चाटत हसला. मग मी ते हसू बघायला जायला लागले, उमे. त्यांच्या तहानेसाठी जाते असं म्हणायचे. पण राजश्री 'नाही' म्हणणारी आणि मी 'घ्या' म्हणणारी, हे मला आवडलं. तू आलीस की जीव येतो, म्हणायचे ना, ते ऐकायला मी तांब्या भरून न्यायचे. सूज वाढली तेव्हा मला कळलं. पाय दाबून बघितला, बोट रुतलं, खड्डा तसाच राहिला. तरी दुसऱ्या दिवशी गेले. म्हटलं, आज अर्धाच देऊ.

दवाखान्यात डॉक्टरने नेमकं विचारलं, 'नारळपाणी?' सगळे हिच्याकडे बघायला लागले. मी जिन्याकडे बघितलं. नंतर हिने मला बाजूला घेऊन विचारलं, 'आजी, मी दुपारी जाते तेव्हा कोणी येतं का हो?' मी म्हटलं, 'येतं की. मांजर.'

आणि मग तुला ते पत्र लिहवलं, ही लिहीत होती, आणि मी सांगत होते, 'तिच्याकडून चुकलं असलं तरी.' हिच्याच हाताने हिच्यावर ठपका लिहवला मी. हिने विचारलं होतं, 'आजी, माझ्याकडून काय चुकलं?' मी म्हटलं, काही नाही गो, असं लिहायची रीत असते. मला काय माहीत लिहायची रीत. मी कधी ओळ लिहिली आहे?

मला वाटलं होतं, तुला एकटीला सांगावं. पण मला एकटीला लिहिता येत नाही. तुझ्यापर्यंत पोचायचं तर आधी हिच्या तोंडावर बोलायला लागतं. तीन दिवस त्याच्यासाठी लागले. अक्षर येत असतं तर चोरून लिहिलं असतं, आणि ही तोवर मंडणगडच्या गाडीत बसली असती.

हिला परत ठेव. आप्पांना कुशीवर वळवायचं कसं ते हिला येतं, सलिलने शोधलेल्या नव्या बाईला येत नाही. आज सकाळीच दवाखान्यात त्यांचा खांदा दुखावला.

हिला म्हटलं, तुला काही लिहायचं असेल तर खाली लिही, मी वाचणार नाही, वाचताच येत नाही. म्हणते, मला काही लिहायचं नाही.

शेवंती

४ मे, रविवार

उमे,

तुझ्या निरोपाच्या दोन ओळी पोचल्या. राजश्रीने परत यावं, शेवंतीने घरात पाय ठेवू नये. राजश्रीने वाचून दाखवल्या, त्याच एका सुरात. मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचल्या. त्यातलं काही कमी झालं नाही.

बरोबर आहे तुझं. मी तुझ्या जागी असते तर दोन ओळींवर भागवलं नसतं.

तेव्हा आता व्यवस्था अशी. आप्पा घरी आलेत. रक्त धुवायच्या मशीनला बांधून घेणार नाही म्हणाले, सलिलने तुला सांगितलं असेलच. लातूरचा डॉक्टर दर दोन दिवसांनी येतो. आत येताना मला दारापुढच्या खळ्यात बसलेली बघतो आणि आपणहून नमस्कार करतो. मला ते नको असतं. मी खिडकीच्या बाहेर बसते, कपडे धुवायच्या दगडावर. राजश्री आत, आप्पांच्या उशाशी. मध्ये गज. मी बोलते, ती लिहिते, आणि अधूनमधून 'मोठ्याने बोला' म्हणते, बाकी काही म्हणत नाही. पूर्वी मी काही वेडंवाकडं बोलले की हसायची, पेन हलायचं, अक्षर वाकडं यायचं, तुला दिसलं असेल. आता अक्षर सरळ असणार.

तिचं बरोबर आहे. तिला मी काही दिलं तर घेत नाही. फणसाची भाजी पाठवली, भांडं धुऊन परत आलं, भाजी कोणी खाल्ली माहीत नाही. सलिल तिच्यापाशी येऊन चुकलं म्हणाला. त्याला एक वाक्य बोलायला जमलं. मी रोज बोलते, तिच्यापर्यंत जात नाही. तिला हे लिहायला लावते आहे हेही बरं नाही. पण दुसरं कोण लिहिणार?

आप्पांना मी सगळं सांगितलं, खिडकीतूनच, ओरडून, त्यांनाही तुझ्यासारखंच कमी ऐकू येतं. अर्ध्या वाडीने ऐकलं असेल. ते म्हणाले, 'शेवंते, मागितलं मी.' मी म्हटलं, 'तुम्ही दहा गोष्टी मागाल, द्यायचं की नाही ते धडधाकट माणसाने बघायचं.' तर मास्तर मला म्हणतात, 'मग तू कुठे धडधाकट आहेस?' त्यांनी सोडलं मला. पण त्यांचं सोडणं माझ्या कामाचं नाही. तो माणूस कोणालाही पास करायचा.

आता त्यांना काय द्यायचं, किती द्यायचं, ते राजश्री ठरवते. मी विचारत नाही.

डॉक्टर काल जाताना खळ्यात थांबला. मुलीला बोलवा म्हणाला. सलिलने तुला ते हळू करून सांगितलं असेल, मी तसंच्या तसं सांगते. बोलवा म्हणाला. तुझा नागपूरचा डॉक्टर सोडत नसेल तर भांड त्याच्याशी, तू भांडणात कधी हरली आहेस? आडवी होऊन ये. सलिलची गाडी थेट पायरीपर्यंत येते, मधले धोंडे मी भागोजीकडून काढून घेतलेत. तू आलीस की मी माझ्या घरात जाईन, खिडकीशीसुद्धा बसणार नाही. तुला माझं तोंड दिसणार नाही. पण ये.

आणि एक सांगायचं आहे, तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी.

आज दुपारी आप्पा सारखे हात पुढे करत होते. राजश्रीने धरला तर सोडवून घ्यायचे. 'शेवंती कुठे आहे?' म्हणायचे. मी बाहेरून म्हटलं, 'इथेच आहे.' 'मग ये ना आत.' मी म्हटलं, 'उमाने नको सांगितलंय.' 'माझं घर आहे का तिचं?' मी म्हटलं, 'भांडण तुमचं तिच्याशी, मला मध्ये घालू नका.' तर त्यांचे डोळे भरले. पाणी कमी, तरी भरले.

राजश्री उठली. मला वाटलं दार उघडते, आणि मी म्हणणार होते, नको. पण तिने दार उघडलं नाही. तिने खाटेच्या पायांखालच्या विटा काढल्या, कंबर लावली, आणि खाट ढकलत ढकलत खिडकीपाशी आणली. एकटीने. माझ्याकडे बघितलं नाही. मग खुर्ची ओढून कागद घेऊन बसली आणि म्हणाली, 'हं, सांगा.'

घरात पाय ठेवू नकोस म्हणालीस. पाय नाही ठेवला, उमे. गजांतून हात घातला आहे. आप्पांनी तो धरलाय, आणि झोप लागली तरी सुटत नाहीये. दगड तापलाय, ऊन माझ्या पाठीवर आलंय, पण हात काढायला गेले तर ते जागे होतील. तेव्हा तू सांग. काढू का?

शेवंती